धुरपताच्या दंडावर नऊ चकत्या

वसमत तालुक्यातल्या टाकळगव्हाणात केवळबाई गव्हाणेची टोळी हळद काढायला येणार म्हटलं की शेताचा मालक घरी जाऊन निवांत जेवायचा. चौदा बायका, आणि सगळ्यांच्या पुढे केवळबाई. ट्रॅक्टरचा फाळ वाफे उकलून गेला की ती पदर खोचून पहिल्या ओळीत उतरायची. कंद उचलायचा, माती झटकायची, हळकुंडं मोडून गड्ड्यापासून वेगळी करायची, टोपल्यात टाकायची. तिचे हात इतके झपाझप चालत की मागच्या बायकांना गप्पा मारायलाही उसंत मिळत नसे. वय सेहेचाळीस. वीस वर्षांत तिला मागं टाकून कुणी बांधाला पोचलं नव्हतं, आणि या गोष्टीचा तिला मनातून फार अभिमान होता.

ओळीच्या अगदी शेवटी असायची तिची थोरली बहीण धुरपता. दोघी एकाच गावात, दोन भावकीच्या घरांत दिलेल्या. धुरपता केवळबाईपेक्षा सहा वर्षांनी मोठी आणि कामाला निम्मी. मध्येच उठायची, पाणी प्यायची, मध्येच काळी छत्री घेऊन बांधापलीकडे जायची, येताना बाभळीखाली दोन मिनिटं टेकायची. बायका तिला मालगाडी म्हणत.

"आक्का, तुला घरी बसवते बघ एक दिवस," केवळबाई ओरडायची.

"बसव माय. बसायला काय, मला आवडतंच," धुरपता म्हणायची.

साल होतं दोन हजार एकोणचाळीस. हळद काढायची यंत्रं आली होती, पण इकडच्या चिकट काळ्या मातीत ती हळकुंडांचे तुकडे करायची, आणि बेण्यासाठी माल घेणाऱ्यांना अख्खा, न खरचटलेला कंद लागायचा. म्हणून बायकांचे हात सुटले नव्हते. बदललं होतं ते ऊन. पूर्वी एप्रिलच्या शेवटी यायचं ते ऊन आता मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातच त्रेचाळीस अंशांवर येऊन ठाण मांडत होतं.

त्याच आठवड्यात नांदेडच्या एका संशोधन केंद्रातून डॉक्टर सुमैया काझी शेतात आली. तिशीची, बारीक अंगाची, डोक्याला ओढणी, पायात चक्क गमबूट. तिनं बायकांना आंब्याखाली बसवलं आणि सरळ विषयाला हात घातला.

"गेली दहा वर्षं आमच्याकडे डायलिसिसला शेतात राबणाऱ्या बायका यायला लागल्यात. पस्तिशीच्या, चाळिशीच्या. साखर नाही, बीपी नाही, काही नाही. तरी किडनी गेलेली. का गेली, ते आम्हाला आता कळलंय. तुमच्या शेतात ठिबक आहे ना?"

"हाव, आहे की," बायका म्हणाल्या.

"मोटर एक आणि वॉल्व्ह दोन असले, अन् एक वॉल्व्ह पूर्ण सोडला, तर दुसऱ्या लाईनीचं काय होतं?"

"दाब पडतो तिकडचा," अयोध्या म्हणाली. ती टोळीतली सगळ्यात लहान, चोवीस वर्षांची. केवळबाईच्या मागची ओळ तिची असायची आणि ती ओळ ती कुणाला देत नसे.

"शाब्बास. अंगातही तसंच. ऊन लागलं की शरीर आधी कातडीचा वॉल्व्ह सोडतं. रक्त कातडीकडे धावतं, घाम येतो, अंग गार राहतं. पण मोटर तर एकच आहे. मग आतल्या लाईनीचा दाब पडतो, आणि त्याच लाईनीवर किडनी बसलीय. ती म्हणजे तुमचा फिल्टर. त्यात तुम्ही पाणी प्यालेलं नसतं, म्हणजे कमी दाबानं घट्ट गाळ जातोय. फिल्टर तुंबतो. संध्याकाळी पाणी पिता, रात्री झोपता, बराचसा मोकळा होतो. पण सगळा होत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असे दोन-तीनशे दिवस गेले की काही भाग कायमचा बंद पडतो."

"मग दुखायला पाहिजे की," केवळबाई म्हणाली.

"तीच तर अडचण आहे मावशी. कंबर दुखते ती वाकून वाकून. किडनी अर्ध्याहून जास्त जाते तरी हूं की चूं करत नाही. तिच्या वतीनं बोलायला कुणीतरी पाहिजे, म्हणून हे केलंय."

तिनं पिशवीतून शर्टाच्या मोठ्या बटणाएवढी एक मऊ चकती काढली. चकतीच्या पोटाला केसाहून बारीक सुया होत्या. त्या कातडीत रुतायच्या पण रक्तापर्यंत पोचायच्या नाहीत. कातडीखाली जो पाण्यासारखा द्रव असतो, तेवढा चाखायच्या. किडनीच्या पेशी गुदमरायला लागल्या की त्या एक विशिष्ट प्रथिन सोडतात, आणि तासा-दीड तासात ते या द्रवात उतरतं. पूर्वी ते कळायला रक्त काढून प्रयोगशाळेत पाठवावं लागे. चकती ते जागच्या जागी मोजायची. ठीक असेल तर हिरवा ठिपका, ताण आला तर पिवळा, इजा व्हायला लागली तर लाल. सगळे आकडे बांधावर ठेवलेल्या एका डब्यात जमत आणि तिथून नांदेडला जात.

"सकाळी कामाला आलात की दंडावर लावायची, जाताना काढून डब्यात ठेवायची. लाल झाली तर काम थांबवून सावलीत दोन तास बसायचं, पाणी प्यायचं," सुमैया म्हणाली. "एवढंच."

पहिल्याच दिवशी सव्वाअकराला केवळबाईची चकती लाल झाली. तिनं पोलक्याची बाही खाली ओढली आणि काम चालू ठेवलं.

आठवड्यानं सुमैया सगळ्यांच्या रक्ताचे निकाल घेऊन पुन्हा आली आणि केवळबाईला बाजूला घेऊन बसली.

"मावशी, तुमची किडनी शंभरात अठ्ठेचाळीस काम करतेय."

"अन् बाकीची?"

"बाकीची गेली. ती परत यायची नाही. पण आहे ती राखता येईल. तुम्ही अंगदुखीच्या गोळ्या घेता का?"

केवळबाई रोज सकाळी चहासोबत दोन गोळ्या घ्यायची. गावात किराणा दुकानात साबणाशेजारी मिळायच्या. टोळीतल्या निम्म्या बायका घ्यायच्या.

"त्या आजपासून बंद. उन्हात आधीच दाब पडलेला असतो, त्यात त्या गोळ्या उरलासुरला वॉल्व्हही आवळतात. आणि पाणी किती पिता?"

केवळबाई नखातली माती काढत राहिली. ती घरून निघताना एक तांब्या प्यायची आणि परतल्यावर एक. मधल्या आठ-नऊ तासांत ओठ ओले करण्यापुरतं. उघडं रान, चारी बाजूंनी ट्रॅक्टरवाले, ट्रॉलीवाले, हळद शिजवणारे कुकरवाले. बाईमाणसानं जायचं कुठं? पाणी प्यायलंच नाही तर प्रश्नच येत नाही. वीस वर्षं तिनं हा प्रश्न असाच सोडवला होता, आणि बाकीच्यांनाही तेच शिकवलं होतं.

त्या दिवशी तिनं मान डोलावली, पण मनात वेगळाच हिशोब चालू होता. अर्ध्या किडनीची मुकादमीण कोण ठेवील?

चकतीचं नाव हळूहळू पंचक्रोशीत झालं, आणि झालं ते उलटंच. शेजारच्या शिवारातल्या एका मालकानं दुपारी त्याच्याकडची, चकत्या मिळालेली दुसरी टोळी बांधावर उभी केली, बाह्या वर करायला लावल्या आणि लाल झालेल्या दोघींना परत पाठवलं. "शेतात काही झालं तर आमच्या गळ्यात यायचं. हिरव्या दिव्याच्याच बायका पाठवा," तो म्हणाला. सुमैयानं आकडे कुणाला सांगायचे नाहीत अशी व्यवस्था केली होती, पण दंडावरचा दिवा लपवायची सोय तिच्या डोक्यात आली नव्हती. चार दिवसांत गावोगावचे मालक तेच म्हणायला लागले. व्यंकटराव सूर्यवंशी तसा भला माणूस, टोळीला घरचं ताक पाठवणारा. पण त्याच्या शेतात उतरायच्या आदल्या दिवशी त्याचाही फोन आला.

"केवळबाई, राग मानू नका. पण बायका जरा बघून आणा."

तेव्हा केवळबाईला ती युक्ती सुचली. टोळीत एकच बाई अशी होती जिची चकती कधी पिवळीसुद्धा झाली नव्हती.

"आक्का, दंड इकडं कर," व्यंकटरावाच्या शेतात पहिल्या सकाळी ती धुरपताला म्हणाली.

"काय करायलीस माय?"

"गप बस."

एक, दोन, तीन करत केवळबाईनं स्वतःची चकती, अयोध्याची, आणखी सहा जणींची अशा आठ चकत्या थोरल्या बहिणीच्या दोन्ही दंडांवर चिकटवल्या. धुरपताची स्वतःची धरून नऊ. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. धुरपतानं दोन्ही हात पसरून बघितलं.

"काय गं हे, माझ्या अंगाला डोळे फुटल्यावाणी दिसायलेत," ती म्हणाली. मग थोडं थांबून हळूच, "केवळे, हे बरं नाही. त्या पोरीनं आपल्यासाठी केलंय ते."

"हळद निघेपर्यंत. मग सांगू तिला."

संध्याकाळी चकत्या डब्यातल्या जिच्या तिच्या खणात गेल्या आणि मालकानं विचारलं तेव्हा सगळ्या हिरव्या होत्या.

तीन दिवस असं चाललं. चौथ्या दिवशी, पारा चव्वेचाळीसवर असताना, दुपारी एकच्या सुमारास अयोध्या केवळबाईच्या मागे काम करता करता थांबली. केवळबाईला तिच्या टोपल्याचा आवाज थांबल्याचं कळलं, पण तिनं मागं पाहिलं नाही. "चल गं, बांध जवळ आला," ती नुसतं म्हणाली. उत्तर आलं नाही. वळून बघितलं तर अयोध्या उकललेल्या मातीवर आडवी झाली होती. अंग तव्यासारखं, कातडी कोरडी, आणि डोळे उघडे असूनही ती कुणाला ओळखत नव्हती.

सगळ्यांत आधी हालली ती धुरपता. ठिबकची नळी उपसून तिनं अयोध्याच्या डोक्यावर, मानेवर, काखेत पाणी सोडलं, तिला सावलीत ओढलं. व्यंकटराव जीप घेऊन आला. नांदेडच्या वाटेवर केवळबाई मांडीवर अयोध्याचं डोकं घेऊन बसली होती आणि ओल्या पदरानं वारा घालत होती. अयोध्याला उलट्या होत होत्या. एकदा शुद्धीवर येऊन ती म्हणाली, "काकी, मी मागं पडले का गं?"

केवळबाईनं ओला पदर तिच्या कपाळावर दाबून धरला.

सुमैया दवाखान्यात धावत आली. तिच्या हातात टॅबलेट होता आणि चेहऱ्यावर न समजल्याचा भाव.

"मला काही कळत नाही मावशी. एक वाजून वीस मिनिटांनी ही जीपमध्ये उलट्या करतेय, आणि एक वाजून वीस मिनिटांनी हिची चकती हिरवी आहे. यंत्रात चूक आहे का? मी दोन वर्षं यावर घालवलीत. चूक कुठं झाली माझी?"

ती खरंच रडवेली झाली होती. केवळबाई बाकावरून उठली.

"तुझी चूक नाही बाई. चकती हिच्या दंडावर नव्हती. आक्काच्या दंडावर होती. माझीबी. नऊ आहेत तिच्या दंडावर. मी लावल्या."

सुमैयानं टॅबलेट पुन्हा उघडला. नऊ नावं, नऊ रेषा. एकावर एक ठेवल्या तर एकच रेष दिसत होती. तिनं रागानं टॅबलेट मिटला आणि केवळबाईकडे पाठ फिरवली. अयोध्याची सासू दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. केवळबाईनं तिच्यापुढं हात जोडले. सासू म्हणाली, "आधी पोर उठू दे. मग बघते तुला."

पुढचे चार दिवस केवळबाई दवाखान्यातून हलली नाही. अयोध्याच्या किडन्यांनी काम थांबवलं होतं. तिला दोनदा डायलिसिसवर घेतलं. डॉक्टर म्हणत, तरुण आहे, उठेल, पण खात्री देत नव्हते. सगळ्यांचं लक्ष पलंगाला लटकवलेल्या त्या रिकाम्या पिशवीकडे होतं. पाचव्या दिवशी सकाळी पिशवीत चार चमचे लघवी उतरली. दुपारपर्यंत अर्धी पिशवी. अयोध्याची सासू एवढी हरखली की खाली जाऊन पेढे घेऊन आली आणि वॉर्डभर वाटत सुटली. "कसले पेढे मावशी?" कुणी विचारलं की मोठ्यानं सांगायची, "सुनेला लघवी झाली!" अयोध्या पांघरुणात तोंड लपवून हसत होती. शेवटचा पेढा सासूनं केवळबाईच्या हातावर ठेवला.

त्याच दुपारी दवाखान्याच्या व्हरांड्यात सुमैया, केवळबाई आणि जेवणाचा डबा घेऊन आलेली धुरपता अशा तिघी बसल्या होत्या. सुमैयाचा राग निवळला होता. उलट तिच्या डोळ्यांत वेगळीच चमक होती.

"धुरपतामावशी, तुमची रेष मी पन्नास वेळा बघितली. तुमची किडनी शंभरात ब्याण्णव आहे. बावन्नाव्या वर्षी. याच उन्हात, याच शेतात. तुम्ही वेगळं काय करता?"

"मी काय करते?" धुरपता विचारात पडली. "तहान लागली की पिते. लागली की जाते. डोक्यात चटका बसला की बाभळीखाली बसते. अन् हिच्या शिव्या खाते."

"जाता कुठं? आडोसा तर नाही."

"छत्री आहे की. उघडायची अन् तिच्यामागं बसायचं. कुणी बघितलं तर छत्री बघील. माझं तोंड थोडंच दिसतंय?"

सुमैया मोठ्यानं हसली. मग तिनं टॅबलेटवर आणखी एक चित्र काढलं. चकत्या धुरपताच्या दंडावर जायच्या आधीचा आठवडा. "हे बघा मावशी," ती केवळबाईला म्हणाली. "ही तुमची रेष. सव्वाअकराला लाल. तुमच्या मागची अयोध्या, साडेअकराला. तिच्या मागची, पावणेबाराला. जशा ओळी, तशा रेषा. मला वाटत होतं प्रत्येकीचं शरीर वेगळं. पण तुमची टोळी एका शरीरासारखी चालते. पुढचा माणूस जसा धावतो तसं सगळं शरीर तापतं. फक्त शेपटीला बसलेली ही एक त्यातून सुटली."

केवळबाईनं त्या रेषांकडे खूप वेळ बघितलं. तिला लिहिता-वाचता बेताचं येत होतं, पण हे वाचायला अक्षरं लागत नव्हती. वीस वर्षं आपण ज्याला टोळीची शान समजत होतो ते या चित्रात लाल रंगानं काढलेलं होतं. तिला रडू आलं नाही. आपण हे बघायला हवं होतं, एवढंच तिला सारखं वाटत राहिलं.

"बाई, एक विचारू?" ती अखेर म्हणाली. "टोळी एक शरीर आहे म्हणतेस ना? मग चौदा दिवे कशाला? एकच कर."

"म्हणजे?"

"दंडावरचे दिवे विझवून टाक. बांधावरच्या डब्यावर एक दिवा लाव. आमच्यातली कुणीबी लाल झाली की तो लाल. कोण झाली ते नको दाखवू. सगळ्याच उठू, सगळ्याच सावलीला बसू. मग कुणाला काढायचं ते मालकाला कसं कळणार? अन् आम्हाला लपवायला काय उरणार?"

सुमैयानं टॅबलेट मांडीवर पालथा ठेवला. तिच्या केंद्रात सहा माणसं दोन वर्षं या चकतीवर बसली होती, आणि दिवा कुठं असावा हा प्रश्न एकाच्याही मनात आला नव्हता.

"चार दिवस द्या मला," ती म्हणाली.

व्यंकटरावाला पटवणं मात्र सोपं नव्हतं. हळद काढून झाली की ती वाफेवर शिजवायची असते, आणि शिजवायचा कुकर ठरल्या तारखेलाच दारात येतो. "सगळी टोळी दुपारी बसली तर कुकर काय रिकामा उकळू?" तो म्हणाला.

"मालक, आम्ही पहाटे पाचला उतरतो. साडेदहाला बाहेर. परत साडेचारला उतरतो, दिवस मावळेपर्यंत," केवळबाई म्हणाली. "अन् आडोसा पाहिजे. शेडनेटचा, चार बांबूंचा, आमच्यासंगं सरकवता येईल असा."

"आणि नाही जमलं तर?"

केवळबाईनं डब्यातून एक जुन्या पद्धतीची, दिवा असलेली चकती काढली आणि त्याच्यापुढे धरली. "दंड इकडं करा. माझ्या शेजारची ओळ धरा. दुपारी दोनपर्यंत."

व्यंकटराव हट्टी होता. सकाळी अकराला उतरला. पाऊण तासात त्याची टोपी गेली, मग उपरणं डोक्याला आलं. साडेबाराला त्यानं कंबरेवर हात ठेवून बांध अजून किती लांब आहे ते बघितलं. एक वाजता चकती पिवळी झाली आणि तो ओळीतच मटकन बसला. केवळबाईनं त्याला उठवून सावलीत नेलं आणि धुरपतानं मीठ-साखरेचं पाणी दिलं.

तांब्या रिकामा करून तो म्हणाला, "शेडनेट हिरवं पाहिजे का काळं?"

नवी व्यवस्था सुरू झाली त्या पहाटे टोळी बांधावर जमली. पूर्व नुकती फटफटत होती आणि माती गार होती. केवळबाई सवयीनं पहिल्या ओळीकडे निघाली आणि थबकली. आदल्या दिवशी तिनं जे ठरवलं होतं ते करायची वेळ आली होती, आणि तिचे पाय ऐकत नव्हते.

"आक्का, पुढं ये," ती म्हणाली.

"कुठं?"

"पहिल्या ओळीला. आजपासून तू पुढं. तुला कुणी ओलांडायचं नाही. मीबी नाही."

बायकांत कुजबुज झाली. धुरपता जागची हलेना. "चेष्टा करायलीस का माझी?"

"नाही गं."

धुरपता आली. पदर खोचला, बसली, एक कंद उचलला, माती झटकली, हळकुंडं मोडली. तिच्या मागच्या ओळीत केवळबाई. पहिला तास केवळबाईला जीव नकोसा झाला. हात पुढं धावत होते आणि त्यांना धरून ठेवावं लागत होतं. पुढची पाठ डुलत डुलत चालली होती. दोनदा तिच्या तोंडून शिवी बाहेर येता येता राहिली. मग दुसऱ्या तासात कधीतरी, तिच्या लक्षातही न येता, तिचा श्वास त्या पाठीच्या चालीत बसला. मागच्या बायका बोलत होत्या. वीस वर्षांत पहिल्यांदा तिला टोळीच्या गप्पा ऐकू येत होत्या. कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, कुणाच्या म्हशीला रेडी झाली होती, आणि हे सगळं तिला आजच कळत होतं.

धुरपता उठली, पाणी प्यायली आणि तांब्या मागे दिला. केवळबाईनं घेतला. ती सगळा प्यायली.

नऊ वाजता ती शेडनेटच्या आडोशात जाऊन आली. परत येताना तिचा चेहरा लाजल्यासारखा झाला होता आणि बायका खिदळत होत्या.

त्या दिवशी बांधावरचा दिवा पावणेअकराला पिवळा झाला, पण तोवर टोळी आंब्याखाली पोचली होती. उरलेल्या हंगामात तो तीनदाच लाल झाला. कोणामुळे झाला हे कुणाला कळलं नाही. तिन्ही वेळा सगळ्याच जणी उठल्या आणि सावलीला जाऊन बसल्या. कुकरला एका दिवसाचा उशीर झाला. व्यंकटरावानं स्वतः हिशेब केला, तेव्हा त्याच्याही लक्षात आलं की पूर्वी दुपारी बारा ते चार टोळी शेतात असायची खरी, पण त्या चार तासांत हळद निघायची ती फार थोडी. ही गोष्ट त्यानं आपणहून इतर मालकांना सांगितली.

पावसाळा संपल्यावर सुमैया रक्ताचे निकाल घेऊन आली. अयोध्या पूर्ण बरी झाली होती. तिला एक वर्ष उन्हात जायची बंदी होती, म्हणून ती टोळीचा डबा आणि नोंदी सांभाळू लागली होती. केवळबाईची किडनी शंभरात सत्तेचाळीसवर होती.

"एक कमी झाली की," केवळबाई म्हणाली.

"वयानं एवढी होतेच. उन्हामुळं एकही गेली नाही. अशी राहिली तर तुम्ही म्हातारपणी माझ्या दवाखान्यात येणार नाही."

"येऊ की. तुला भेटायला."

पुढच्या फेब्रुवारीत पूर्णेकाठच्या एका गावानं केवळबाईला बोलावलं. तिथल्या बावीस बायकांच्या टोळीला बांधावरचा दिवा मिळाला होता आणि कामाची रीत कुणीतरी समजावून सांगायला हवी होती. केवळबाई, धुरपता आणि अयोध्या एसटीनं गेल्या. अयोध्यानं ठिबकचं आणि फिल्टरचं सांगितलं. धुरपतानं आडोसा कसा बांधायचा ते दाखवलं आणि सगळ्यांना हसवलं. शेवटी केवळबाई उभी राहिली. तिथली मुकादमीण, तिशीची तडफदार बाई, सगळ्यात पुढं बसली होती. केवळबाईला तिच्याकडे बघून स्वतःचीच आठवण झाली.

"तुमच्यात सगळ्यात सावकाश काम कोण करतं?" केवळबाईनं विचारलं.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. कुणी हसलं, कुणी खाली पाहिलं. मग पार मागून, भिंतीला टेकून बसलेल्या एका बाईनं हात अर्धाच वर केला आणि शिव्या पडणार म्हणून लगेच खाली घ्यायला लागली.

"खाली नको घेऊ," केवळबाई म्हणाली. ती बायकांमधून वाट काढत मागे गेली आणि तिनं तो हात धरून त्या बाईला पुढं आणलं.